पिवळ्यावर केशरी

अण्णासाहेबांना पांढरं पान चाललं नाही.

"लग्नाचं काम हाये आन् पांढरंफटक?" ते म्हणाले. "कफन आंथरल्यावानी दिसून राह्यलंय. हळदीचा रंग दे बरं."

सगुणाने माऊस फिरवला. पडदा पिवळा झाला. अण्णासाहेबांनी मान तिरकी करून बघितलं, मग माझ्याकडे वळले. "कसं काय, काका?"

मी म्हणालो, ठीक आहे. मला रंगांतलं काही कळत नाही. मंठ्याच्या वाचनालयात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर मुलाकडे जालन्याला आलो. आयुष्यभर पांढऱ्यावर काळं बघितलेलं. दुसरा रंग बघायची डोळ्यांना सवय नाही, आणि मत द्यायची मला नाही.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. आमच्या समाजाचं वधूवर सूचक मंडळ अण्णासाहेब चालवायचे. तोवर सगळी स्थळं त्यांच्या एका कापडी पिशवीत असायची. फोटो आणि मागे टाचलेला कागद. कुणी आलं की ते पिशवी सतरंजीवर रिकामी करायचे. मग त्यांच्या पुण्याच्या भाच्याने डोक्यात भरवलं की आता वेबसाइट काढा, पोरी-पोरांचे फोटो अमेरिकेतूनसुद्धा दिसतील. अमेरिकेत आमच्या समाजाचं कोण होतं हे मला माहीत नाही. पण अण्णासाहेबांनी मनावर घेतलं आणि काम सगुणाकडे आलं.

सगुणा आमच्या मागच्या गल्लीतल्या पुंजारामची थोरली. पुंजाराम मूळचा हसनाबादचा. जमीन बटईने दिलेली, स्वतः जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन काट्यावर करायचा. सगुणा बी. कॉम. झाली होती, वेबसाइट बनवायचा कोर्स केला होता आणि बस स्टँडमागच्या एका सायबर कॅफेत कामाला होती. वय तिशीच्या आसपास. लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय गुडघ्याखाली बारीक राहिलेला. चालताना त्या बाजूला ती किंचित झुकायची. माझं काम फक्त शुद्धलेखन बघायचं. त्या निमित्ताने मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागलो. घरी सून टीव्ही लावते.

अण्णासाहेबांच्या कल्पना पुष्कळ होत्या. वर गणपती हवा, तोही चमकणारा. खाली "शुभमंगल सावधान" अशी पळती ओळ हवी. दोन्ही बाजूंना केळीचे खांब हवेत.

"अण्णासाहेब," सगुणा म्हणाली, "हलणाऱ्या वस्तूकडं डोळा आपोआप जातो. गणपती चमकला तर लोक गणपतीच बघतील. मंग पोरीकडं कोण बघंल?"

"देवाकडं बघितलं तर पाप लागतं का?"

"न्हाई लागत. पण लग्न पोरीशी करायचंय ना."

अण्णासाहेब हसले. गणपती राहिला, पण लहान आणि स्थिर. केळीचे खांब गेले. पिवळा रंग मात्र राहिला.

हे ती कुठल्या पुस्तकातून शिकली असं मला आधी वाटलं होतं. तसं नव्हतं. कॅफेत येणाऱ्यांपैकी निम्म्यांना माऊस धरता यायचा नाही, तेव्हा ती शेजारी खुर्ची घेऊन बसायची आणि लोक पडद्यावर कुठे बघतात ते बघायची. तेव्हा फोनच्या वायरीवरून इंटरनेट यायचं. फोटो एकदम उघडत नसे. वरून खाली, पडदा सोडल्यासारखा, पट्ट्यापट्ट्याने यायचा. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. आमच्याकडे लग्नाचा फोटो उभा, पायापर्यंतचा काढायची रीत आहे. त्यामुळे नाक येईस्तोवर बायकांचं बोलणं सुरू झालेलं असायचं आणि हनुवटी येईस्तोवर होय-नाही ठरलेलं. पदराच्या खालचं कुणी बघतच नसे. "पुढची दाखव पोरी," म्हणायचे. बरेच जण तर पडद्याची खालची कड म्हणजे पानाचा शेवट समजायचे. पान खाली सरकवता येतं, हे सांगितल्याशिवाय त्यांना कळत नसे.

"आपल्याला वाटतं लोक वाचतात," ती एकदा मला म्हणाली. "वाचत न्हाईत, काका. बघून घेतात."

मला जरा लागलं. पण खोटं आहे असं म्हणता आलं नाही.

तिची स्वतःची माहिती वेबसाइटवर सगळ्यात शेवटी चढली. तोवर ती टाळत होती. पुंजाराम स्वतः एके संध्याकाळी कॅफेत आला. शर्टावर, बाह्यांवर कापसाचे तंतू तसेच. तिच्यासाठी पाहुणे येऊ लागून आठ-नऊ वर्षं झाली होती. पहिल्यांदा पायाचं आधीच सांगायचे, तेव्हा कुणी येत नसे. मग सांगायचं बंद केलं, तेव्हा येत आणि पोहे खाऊन जात. मग निरोप यायचा की पत्रिका जमत नाही. पत्रिका आधी कुणी मागितलेलीच नसायची.

"पायाचं लिहायचं का न्हाई?" सगुणाने विचारलं. पडद्यावर तिचा फोटो होता. स्टुडिओतला, मोरपंखी साडीतला.

"लिहायचं," पुंजाराम म्हणाला. "लपवलं आसं कोनी म्हनाया न्हाई पायजे."

"बरं. कुठं लिहू?"

त्याने पडद्याकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू म्हणाला, "फोटोच्या खाली लिहिता येतंय का? लई खाली. बारीक."

सगुणाने त्याच्याकडे बघितलं नाही.

"लिहायचं बराबर," तो म्हणाला. "पन येकदम दिसलं न्हाई पायजे. मान्सं घरी येऊ दे, तुला बघू दे, बोलू दे. मंग कळंलच की. लिहिलेलं तर आसंलच."

तिने फोटोच्या खाली, तळाशी, एक ओळ टाकली. काळी अक्षरं पिवळ्यावर ठसठशीत दिसत होती. तिने ती लहान केली. मग रंग बदलला, तांबडा, मग नारिंगी, मग फिकट केशरी. केशरी अक्षरं पिवळ्यात अशी मुरली की ओळीच्या जागी पानावर नुसता डाग पडल्यासारखा दिसायला लागला.

"काका, वाचता येतंय का?"

मी चष्मा वर करून जवळ गेलो. 'उजव्या पायाने थोडी अधू.' मला वाचता आलं. पण तिथे काय लिहिलंय हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्याला दिसतं. नसलेल्याचं काय, हे मला कसं सांगता येणार? मी तसं म्हणालो. मला वाटतं मी ते पुरेसं मोठ्याने म्हणालो.

"ऱ्हाऊ दे मंग," सगुणा म्हणाली आणि पान चढवून टाकलं. तिच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला बस आली काय नि न आली काय, तसं ती बोलली.

पावसाळा संपता संपता केदारखेड्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव रामकिसन, विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळायचं, स्वतःचं दुकान. त्याचं आधी ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलेलं, म्हणून वय वाढलेलं. आई गिरिजाबाई आणि मामा कारभारी भोकरदनला एका कॉम्प्युटरवर फोटो बघून आले होते. आईला मुलगी पसंत पडली होती. मुलगी शिकलेली, नोकरी करते, हुंड्याचं काही बोलणं नको, असा त्यांचाच निरोप होता. पुंजाराम असा हरखला की मला धरूनच घेऊन गेला. "तुमी नुस्तं बसा, काका. शेजारी मानूस आसलं की बरं वाटतं."

रविवारची दुपार. सगुणाची आई झुंबरबाई आत पोह्यांची तयारी करत होती. पाहुणे यायच्या आधीच सगुणाला बैठकीत खुर्चीवर बसवलेलं होतं. पाय साडीत झाकलेले, मांडीवर विणकाम. ती विणकाम करत नाही हे मला माहीत होतं. ती सुई धरून बसली होती.

बोलणं चांगलं चाललं. कारभारी गमत्या माणूस. रामकिसनकडे बोट करून म्हणाला, "ह्याला मोटारीचा आवाज ऐकून सांगता येतंय कोन्ती वाइंडिंग जळली. पन आई काय बोलली ते न्हाई ऐकू येत."

"मामा, गप ना," रामकिसन म्हणाला आणि सगुणा हसली. खरंखुरं हसली. रामकिसनने ते बघितलं. पुंजारामनेही बघितलं आणि माझ्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली.

मग गिरिजाबाई म्हणाली, "पोरी, जरा पानी दे गं प्यायला."

तांब्या-फुलपात्र समोरच स्टुलावर ठेवलेलं होतं, मुद्दाम. पण गिरिजाबाईला ते माठातलं, आतलं हवं होतं. मुलगी उठावी, चालावी, वाकावी, हे बघायची ही जुनीच रीत. तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. तिलाही तिच्या वेळी कुणीतरी असंच पाणी मागितलं असणार.

झुंबरबाई आतून म्हणाली, "मी आनते की."

"आवं, ती आनंल. बसा तुमी."

सगुणाने सुई बाजूला ठेवली. उठली. आत गेली, पाणी घेऊन बाहेर आली. खोली लहान होती, अंतर जास्त नव्हतं. कारभारी विनोद सांगता सांगता मध्येच थांबला. गिरिजाबाईने पाणी घेतलं, पूर्ण प्यायली, आणि फुलपात्र खाली ठेवलं.

"हे तिथं न्हाई लिहिलं," ती म्हणाली.

"लिहिलंय," पुंजाराम म्हणाला. एवढ्या जल्दीने म्हणाला की उत्तर तोंडातच तयार होतं हे सगळ्यांना कळलं.

"न्हाई लिहिलं भाऊ. माझ्या भावानं वाचलंय."

"म्या बिलकुल लिहायला लावलंय. काका व्हते तवा. सांगा ना, काका."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "आहे. खाली आहे."

"मंग दाखवा," कारभारी म्हणाला. आता तो गमतीत बोलत नव्हता.

असं कुठे होतं का, की दाखवायच्या कार्यक्रमातून उठून पाहुणे, मुलगी, तिचा बाप आणि शेजारी सायबर कॅफेत जातात? पण तसं झालं. पोहे ताटल्यांत तसेच राहिले. गिरिजाबाई सगुणाच्या शेजारून चालत होती. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळेच नकळत सगुणाच्या चालीने चालत होतो. फक्त पुंजाराम पुढे निघून जायचा आणि थांबायचा.

कॅफेत गर्दी नव्हती. सगुणा नेहमीच्या खुर्चीवर बसली, तिच्या पाठीशी आम्ही. फोन जोडल्याची ती कर्कश किरकिर झाली. पिवळं पान आलं, वर लहानसा गणपती आला. मग तिचे केस, कपाळ, डोळे. या वेळी कुणी "पुढची दाखव" म्हणालं नाही. पहिल्यांदाच माणसं तिचा फोटो शेवटपर्यंत बघत होती. हनुवटी आली, पदर आला, मोरपंखी निऱ्या आल्या, पायाशी स्टुडिओची प्लास्टिकची कुंडी आली. सगुणाने पान खाली सरकवलं.

"हे बघा," ती म्हणाली.

गिरिजाबाईने डोळे बारीक केले. पडद्याला बोट लावलं, जणू हाताला तरी लागेल. "कुठं?"

कारभारी वाकला. "हाये," तो म्हणाला. "हाये लिहिलेलं. उजव्या पायानं..." पुढचं त्याने वाचलं नाही.

"हे लिहिलं म्हनत्यात का?" गिरिजाबाई पुंजारामला म्हणाली. "ह्याला झाकलं म्हनत्यात."

पुंजाराम बाहीवरचे तंतू काढत राहिला. त्या दिवशी त्याने धुतलेला शर्ट घातला होता, बाहीवर काही नव्हतं.

रामकिसनने विचारलं, "हे पान कोणी बनवलं?"

"मी," सगुणा म्हणाली.

"रंग बी तुम्हीच दिला?"

"हो."

त्याने मान हलवली. मला वाटलं तो आणखी काही विचारेल. कारण त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, बिघाड कुठे झाला हे कळलेल्या माणसासारखा होता. पण तो बाहेर जाऊन उभा राहिला.

निघताना गिरिजाबाईने सगुणाच्या खांद्यावर हात ठेवला. "पायाचं मला काय एवढं न्हाई वाटत, बाई. आधी दिसलं आसतं तर म्या इचार केला आसता. आता कसं सांगू?" हे खरं होतं, की जाताना काहीतरी बरं बोलायचं म्हणून बोललेलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळदा विचार करून बघितला आहे.

ते गेले. पुंजाराम बाकावर बसला. सगुणाने पान पुन्हा उघडलं आणि काम करू लागली. खालची ओळ उचलून तिने वर आणली, नावाच्या बरोबर खाली, फोटोच्याही आधी. अक्षरं काळी केली. मग जाड केली. मग नावाएवढीच मोठी.

पुंजारामने ते बघितलं. "आसा बोर्ड लावती व्हय गावाला?"

"हो."

"आगं, फोटो यायच्या आधी हे येईल. कोन थांबंल मंग फोटोला?"

"नका थांबू."

"कोन येनार न्हाई घरी."

"न्हाई आलं तर न्हाई आलं." ती वळली. "बाबा, मला पाणी आणून दाखवायचा कंटाळा आलाय. तुम्हाला न्हाई आला?"

पुंजाराम म्हणाला, "आला तर काय करू? बाप हाये ना मी." आणि उठून गेला.

'थोडी' हा शब्द ठेवायचा का, असं तिने मला विचारलं. मी म्हणालो, शुद्धलेखनाच्या दृष्टीने काही हरकत नाही. मग मलाच माझी लाज वाटली आणि मी म्हणालो, ज्याला थोडी म्हणजे किती हे हवंय तो विचारेल. तिने तो शब्द काढून टाकला.

त्यानंतर कुणी आलं नाही. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, लग्नाच्या तिथी सुरू झाल्या. अण्णासाहेब म्हणायचे, पान लई लोक उघडून राह्यलेत, पण फोन कुणाचा येत न्हाई. त्यांनी दोनदा सुचवलं की ती ओळ जरा मऊ करू. सगुणाने ऐकून घेतलं. रविवारी पुंजारामच्या घरात पोह्यांचा वास येईनासा झाला. झुंबरबाई दुपारी झोपू लागली. मी एकदा गेलो तर सगुणा केस धुऊन अंगणात पाठ फिरवून बसली होती, मांडीवर काही नव्हतं. बापलेकींचं बोलणं कामापुरतं झालं होतं. तिचं बरोबर की त्याचं, मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं.

माघात एका संध्याकाळी कॅफेचा फोन वाजला. मंडळाच्या पानावर नंबर कॅफेचाच दिलेला होता.

"मंठ्याहून बोलतोय, राधाकिसन," पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "सगुणाताईंच्या घरचं कोणी हाये का?"

"मीच बोलतेय."

तो घोटाळला. मग म्हणाला, "रागावू नका, पण अधू म्हणजे किती?"

सगुणाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "गुडघ्याखाली बारीक आहे. चालते. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. जड उचलून चालता येत न्हाई."

"गाडी?"

"स्कूटी येते. सायकल न्हाई येत."

"बरं," तो म्हणाला. "मंग रविवारी येऊ का?"

"या."

तिने फोन ठेवला आणि आधीचं काम पुढे सुरू केलं. तिला काय वाटलं ते मला दिसलं नाही. मी त्या बाजूला बसलो नव्हतो.

तो आला. सोबत त्याची मोठी बहीण होती. सगुणा दार उघडायला स्वतः गेली आणि त्यांना आत घेऊन आली. पाणी कुणी मागितलं नाही. तासभर बसले. राधाकिसन खताच्या दुकानात हिशेब बघायचा. माणूस सरळ, जरा लाजाळू. मला तो आवडला, पण माझ्या आवडण्याचा काही भरवसा नाही.

आठवड्याने नकार आला.

सगुणानेच मला सांगितलं. पुंजारामही तिथेच होता, बाकावर, चहाचा ग्लास हातात धरून. मी म्हणालो, "पायाचं तर त्याने आधीच..."

"पायाचं न्हाई, काका," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू आलं होतं, ते तिने आवरलं नाही. "तो बारावी, मी बी. कॉम. बहीण म्हणाली, बायको जास्त शिकलेली नको."

"खरंच?"

"खरंच. मी दोनदा विचारलं."

पुंजाराम पडद्याकडे बघत होता. नाव, त्याखाली ती काळी जाड ओळ, मग फोटो, मग शिक्षण आणि बाकीचं. त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"मंग शिक्षनाचं जरा बारीक करती का?" तो म्हणाला. "लई खाली. केशरी रंगात."

सगुणाने त्याच्याकडे वळून बघितलं. तो गंभीर आहे की नाही, हे कळायला तिला थोडा वेळ लागला.